ढगातल्या वाटेवरचा पडदा

गल्लीत तिला सगळे धास्तीमावशी म्हणत. नाव ठेवलं होतं बहिणीच्या मुलांनी, पण ते इतकं चपखल बसलं की पुढे दूधवाल्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत कुणाच्याच तोंडी दुसरं नाव राहिलं नाही. तिला त्याचा राग नव्हता. घरात एकानं तरी धास्ती घेतलीच पाहिजे, नाहीतर घर चालायचं कसं, असं तिचं म्हणणं.

काम पडदे शिवायचं. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याला लागून लांबलचक टेबल, आणि भिंतीशी छतापर्यंत रचलेले कापडाचे तागे. ते तागे तिनं दोरीनं भिंतीला बांधून ठेवले होते, कारण एखाद्या दिवशी ते कोसळतील आणि टेबलाखाली झोपलेलं मांजर चिरडेल अशी तिला भीती. मांजर शेजाऱ्यांचं होतं. कामात मात्र तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. तिनं घातलेल्या चुण्या कितीही धुतल्या तरी जागच्या हलत नसत, आणि दांडीवर चढवून खालची कड एकदा हातानं झटकली की पडदा असा सरळ पडे, की गिऱ्हाईक पैसे द्यायचे सोडून बघतच राही.

धास्तीचं म्हणाल तर तिला हद्द नव्हती. गॅसचं बटण ती झोपण्याआधी तीनदा बघायची आणि अंथरुणाला पाठ टेकली की नवऱ्याला चौथ्यांदा बघायला पाठवायची. लेक लहान असताना हरवेल म्हणून तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या आतून घरचा पत्ता शिवलेला असायचा. लेक कॉलेजात जायला लागली तरी पत्ता सुटला नाही, फक्त अक्षरं बारीक झाली. नवऱ्याला घरी यायला जरा उशीर झाला की हिच्या पोटात गोळा. हा गोळा तिच्या पोटात लहानपणापासून मुक्कामालाच होता म्हणा ना. कधी मोठा व्हायचा, कधी लहान, पण जागा सोडून कुठं गेला नाही.

नवरा नेमका उलटा. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बिघडलेल्या पंपाशी तासन्‌तास गप्पा मारत बसल्यासारखा बसायचा, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एकच उत्तर होतं, "होईल गं." लेकीला ताप आला, होईल गं. छपराला गळती लागली, होईल गं. एकदा ती चिडून म्हणालीही होती, की उद्या घराला आग लागली तरी तुम्ही असंच म्हणाल. त्यावर तो जरा विचार करून म्हणाला, की आग विझवायला पंप आपल्याकडे आहेच.

लेकीचं लग्न झालं आणि या संसारात व्याही आले. व्याही रंगकामाचे ठेकेदार. उंच, भरदार गडी. आवाज असा, की शेजारच्या खोलीत बोलायला लागले तरी कपबश्या किणकिणाव्यात. उंच शिडीवर एका हातात डबा, एका हातात ब्रश घेऊन, कशालाही न धरता उभे राहायचे आणि वरूनच खालच्यांना सूचना द्यायचे. लग्नाच्या दिवशी धास्तीमावशीनं हॉलच्या मॅनेजरला बाजूला घेऊन बाहेर पडायला दुसरं दार कुठं आहे ते विचारलं, आणि ते नेमकं व्याह्यांच्या कानावर गेलं. झालं. त्यांनी ती गोष्ट जेवणाच्या पंगतीत मीठमसाला लावून सांगितली, वर म्हणाले, "विहीणबाई, भीती म्हणजे काय असते ते आपल्याला ठाऊकच नाही." सगळे हसले. तीही हसली, पण हे बोलणं तिच्या मनाला लागलं ते लागलंच. त्यानंतर दोघांचं बोलणं असायचं, पण जपून, नव्या कपड्यावर डाग पडू नये म्हणून जपतो तसं.

तरी व्याही मनाचे चांगले. डोंगरावरची एक जुनी दगडी इमारत दुरुस्त करून तिथं इस्पितळ होणार होतं. रंगाचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा पडद्यांसाठी त्यांनी दुसऱ्या कुणाचं नावही निघू दिलं नाही. "पडदे शिवावेत तर आमच्या विहीणबाईंनीच," असं त्यांनी तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं. मावशीनं फिकट पिवळं कापड निवडलं, त्यावर बारीक हिरवी पानं. आजारी माणसाला सकाळी डोळे उघडल्यावर बरं वाटलं पाहिजे, एवढाच तिचा विचार. खिडक्या कमानीच्या होत्या आणि एकीचं माप दुसरीला नाही, त्यामुळे पडदे शिवून पाठवून दिले आणि सुटलो असं होणार नव्हतं. वर जाऊन, एकेक लावून, तिथंच दुमड घालावी लागणार होती.

इस्पितळ सुरू व्हायला थोडेच दिवस उरले असताना डोंगराचा रस्ता खचला. गाड्या बंद. तातडीचं सामान आणि माणसं वर न्यायला एक छोटं हेलिकॉप्टर भाड्यानं आणलं गेलं, आणि एका दुपारी व्याही तिच्या दारात येऊन म्हणाले, की उद्या सकाळी आपण दोघं उडायचं.

ती रात्र मावशीनं कशी काढली ते नवऱ्याला विचारावं. तिनं त्याला विम्याचे कागद कुठं आहेत ते सांगितलं, पांढऱ्या चादरी कुठं आहेत ते सांगितलं, आपल्यामागे त्यानं काय खावं आणि काय खाऊ नये तेही सांगितलं. तो सगळ्याला हं हं करत होता. शेवटी तिनं विचारलं, मग नको जाऊ का? तो म्हणाला, "तुला जायचंय का?" ती म्हणाली, की दुसऱ्या कुणी दुमड घातली तर पडदे वाकडे पडतील. "मग जा," तो म्हणाला, "होईल गं." आणि कूस बदलून घोरायला लागला.

सकाळी मैदानावर ऊन होतं. पडद्यांचे गठ्ठे मागच्या जागेत खच्चून भरले होते, वर पडद्यांच्या दोरीची दोन मोठी रिळं, टाचण्यांचा डबा आणि मांडीवर पिशवीत तिची मोठी कातर. पायलट तरुण होता, तिच्या लेकीच्या वयाचा, डोळ्यांत अजून झोप असल्यासारखा. व्याही पुढं, पायलटच्या शेजारी बसले. मावशी मागं. पट्टा लावून झाल्यावर तिनं पायलटला विचारायला सुरुवात केली. पट्टा सुटतो कसा? दार कुठून उघडतं? आणि समजा पडलोच, तर पहिल्यांदा काय करायचं?

व्याह्यांनी कपाळाला हात लावला. पायलट मात्र वळून बसला आणि शांतपणे सगळं सांगत गेला. वरचा पंखा थांबेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. थांबला की बाहेर पडायचं, शेपटीकडे जायचं नाही, आणि लांब जाऊन एकत्र बसून राहायचं. तो म्हणाला, "मावशी, इतक्या फेऱ्या मारल्या, पण हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"अहो, त्या लग्नात पण..." व्याह्यांनी सुरुवात केली, तेवढ्यात इंजिनचा आवाज सुरू झाला आणि पुढचं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

वर गेल्यावर तिनं डोळे मिटून घेतले होते. मग एक उघडला. मग दुसरा. खाली घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती आणि त्यांच्या गच्च्यांवर कपडे वाळत होते. आपल्याही गच्चीवर ती टॉवेल टाकून आली होती. चिमटे लावले होते का, याची तिला काळजी लागली, आणि त्या काळजीत ती पडण्याची काळजी जरा वेळ विसरली.

ढग आला तो समोरून नाही, तर खालून. डोंगराची कड ओलांडताना दरीतून एखाद्यानं कापूस पिंजून वर उधळावा तसा तो आला, आणि बघता बघता काचेपलीकडे काही राहिलं नाही. झाड नाही, कडा नाही, आकाशही नाही. सगळीकडे नुसतं पांढरं. व्याही काहीतरी विनोद करायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. पायलट रेडिओवर बोलत होता. आवाज शांत होता, पण त्याच्या मानेवरून घामाची धार उतरताना मावशीला दिसली. खाली एक मोकळा माळ आहे, तिथं हळूहळू उतरतो, असं तो म्हणाला. हेलिकॉप्टर उतरायला लागलं. मग पांढऱ्यातून अचानक एक काळी फांदी पुढं आली, इतकी जवळ की तिच्यावरची पानं वेगवेगळी दिसली. वर मोठा कडकडाट झाला, सगळं एका कुशीवर झुकलं, आणि ते खाली आले.

फार उंचावरून नाही आले. झुडपांवर आदळले, घसरले, आणि आडवे होऊन थांबले. पडद्यांचे गठ्ठे मावशीच्या चहूबाजूंनी कोसळले आणि ती त्यांच्यात गादीत रुतावी तशी रुतली. ओठ दाताखाली येऊन फुटला होता, गुडघा ठणकत होता. बाकी हात हलत होते, पाय हलत होते.

आणि पोटात गोळा नव्हता.

तिनं चाचपून बघितल्यासारखं आत बघितलं. खरंच नव्हता. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते घडून गेलं होतं, आता त्याची वाट बघायची नव्हती. तिला घरात पाहुणे अचानक आल्यावर येते तशी एक लगबग आली. आधी काय, मग काय.

पुढं व्याही धडपडून उठायला बघत होते. तिनं मागून त्यांच्या कोटाची कॉलर धरली.

"थांबा. पंखा थांबू द्या आधी."

वर काहीतरी मोडकं अजून फरफटत फिरत होतं. ते गप्प झालं तेव्हा तिनं पिशवीतून कातर काढली आणि पट्टे कापले, आधी आपला, मग त्यांचा. समोरची काच फुटून पडलीच होती, तिथून दोघं बाहेर आले. व्याह्यांचा एक खांदा विचित्र खाली आला होता आणि ते तो दुसऱ्या हातानं धरून होते. पायलट शुद्धीवर होता, इंजिन त्यानंच बंद केलं होतं, पण त्याचा पाय अडकला होता. मावशी पुन्हा आत वाकली, बुटाची नाडी कापली, बूट तिथंच सोडून पाय मोकळा केला. पाय मोडलेला आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो कळवळला तेव्हा ती म्हणाली, "ओरड बाळा, इथं ऐकायला कोण आहे." मग एक पडदा पसरून त्याला त्यावर घेतलं, आणि एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं व्याही एका हातानं, असं ओढत ओढत तेलाच्या वासापासून लांब, एका मोठ्या दगडाच्या आडोशाला नेलं.

मग परत जाऊन तिनं आणखी पडदे आणि दोरीची दोन्ही रिळं ओढून आणली, आणि दोघांना पडद्यांत गुंडाळलं. पायलटच्या पायाला दोन सरळ फांद्या लावून दोरीनं बांधल्या, व्याह्यांचा हात पडद्याच्या पट्टीनं गळ्यात अडकवला. पिवळ्या कापडात, हिरव्या पानांत गुरफटलेले ते दोन पुरुष तिला जरा दुकानातल्या उशांसारखे दिसले आणि तिला हसू आलं. पायलटनं विचारलं का हसता, तेव्हा तिनं सांगितलं, आणि तोही दात आवळून हसला. व्याही हसले नाहीत. ते थरथरत होते. दातावर दात वाजत होते. शिडीच्या टोकावर उभं राहून सूचना देणारा माणूस, त्याची पाचावर धारण बसली होती.

पायलट म्हणाला, की आपण खाली उतरतोय हे इस्पितळाला रेडिओवर कळलेलं आहे. ढग आहे तोवर दुसरं हेलिकॉप्टर यायचं नाही. माणसं पायी येतील. जवळच खालच्या अंगाला पायवाट आहे, आधीच्या फेऱ्यांत त्यानं ती वरून बघितली होती.

ते वाट बघत बसले. ढग इतका दाट होता की बसल्या जागेवरून हेलिकॉप्टरसुद्धा दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं माणसांचे आवाज आले. तिघांनी मिळून हाका मारल्या. आवाज जवळ आले, मग भलतीकडेच गेले, मग विरले. ढगात हाक कुठून येते ते कळत नाही, पायलट म्हणाला. त्याचे ओठ आता पांढरे पडले होते.

मावशी उठली. दोरीचं रीळ घेतलं, एक टोक दगडाशेजारच्या झुडपाला घट्ट बांधलं, आणि एक पडदा खांद्यावर टाकला. दोरी सोडत खाली जाते, वाट सापडली तर तिथं खूण करून दोरी धरून परत येते, असा तिचा बेत होता. पायलटनं मान डोलावली. व्याह्यांनी मात्र आपल्या धड हातानं तिचा हात धरला.

"विहीणबाई, मला सोडून जाऊ नका."

आवाज इतका लहान होता की तो त्यांचाच आहे हे तिला क्षणभर पटलं नाही. तिला लग्नातली पंगत आठवली नाही, काही नाही. तिला आठवली ती तिची लेक, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी उभी असलेली. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"सोडून कुठं जातेय? ही दोरी धरा हातात. मी एक हिसका दिला की मी ठीक आहे. तुम्ही उलटा एक हिसका द्यायचा, म्हणजे तुम्ही ठीक आहात. दमाल तुम्ही, पण मी देत राहणार."

आणि ती ढगात शिरली. चार पावलांत मागचं सगळं पुसलं गेलं. ती बसून, घसरत, बुंध्यांना धरत उतरत होती. थोड्या थोड्या वेळानं दोरीला हिसका द्यायची, आणि लगेच, जणू व्याही जीव मुठीत घेऊनच बसले होते, उलटा हिसका यायचा. एकदा पाय घसरून ती बरीच खाली गेली. उठून चिखल झटकेपर्यंत हिसका द्यायचं राहिलं, तर वरूनच एकामागून एक इतके हिसके आले की तिला दोरीशीच बोलावं लागलं, हो हो, आहे मी, आहे.

पहिलं रीळ संपलं, तिनं दुसरं जोडलं. ते संपत आलं तेव्हा पायाखाली सपाट, तुडवलेली माती लागली. वाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन झाडं होती. तिनं दोरी एका झाडाला बांधली आणि खांद्यावरचा पडदा उलगडून, या झाडापासून त्या झाडापर्यंत, वाटेवर आडवा लावला. टाचण्या तिच्या अंगावर कुठं ना कुठं असायच्याच. लावून झाल्यावर सवयीनं मागं सरून बघितलं. एक बाजू खाली येत होती. तिनं ती उचलून घेतली, खालची कड झटकली, आणि मगच दोरी धरून वर चढायला लागली.

ती दगडापाशी पोचून दम खात होती, तेव्हा खालून एका माणसाचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"इथं वाटेत पडदा कुणी लावलाय?"

पायलट इतका हसला की पाय दुखून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं दोरीला धरून माणसं वर आली, इस्पितळातले कामगार आणि पुढं एक ठेंगणी नर्स. नर्सनं आधी तिघांकडे बघितलं, मग त्या पडद्यांकडे, आणि म्हणाली, की वॉर्डात पेशंट आणि पडदे दोन्ही एकदमच आले म्हणायचे.

इस्पितळ अजून सुरू झालं नव्हतं. पण पलंग होते, डॉक्टरीणबाई होत्या. नव्या रंगाचा वास सुटलेल्या वॉर्डात पायलट आणि व्याही हे पहिले पेशंट म्हणून दाखल झाले. पायलटच्या पायाला प्लॅस्टर, व्याह्यांच्या खांद्याला पट्टा. मावशीच्या ओठाला औषध लावून तिला झोपायला सांगितलं. ती झोपली, आणि थोड्याच वेळात उठली. खिडक्या उघड्या होत्या. ढग आता विरला होता आणि उतरतीचं ऊन थेट व्याह्यांच्या तोंडावर येत होतं. मोडक्या हेलिकॉप्टरमधून कामगारांनी उरलेले गठ्ठे आणले होते, बरेचसे कोरडे होते. तिनं स्टूल मागितलं. नर्स नको म्हणाली. ती म्हणाली, मी आलेय त्याच कामाला.

इकडे नवऱ्याला फोन गेला तेव्हा तो कुणाच्या तरी गच्चीवर टाकीशी बसला होता. हेलिकॉप्टर पडलं, सगळे ठीक आहेत, एवढं त्याला सांगितलं होतं. तो हत्यारं तिथंच टाकून शिडी उतरला. घरमालक नंतर सांगत, की ते काही बोललेच नाहीत, होईलसुद्धा म्हणाले नाहीत. खचलेल्या रस्त्यापर्यंत तो एका ट्रकनं आला, आणि पुढं पायी, दगडमातीच्या ढिगाऱ्यावरून, कुणी अडवलं तरी न थांबता. तिन्हीसांजेला तो वॉर्डच्या दारात पोचला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल.

मावशी तेव्हा खिडकीशी स्टुलावर उभी होती. तोंडात टाचण्या, दोन्ही हात वर, कमानीच्या टोकाशी चुणी बसवत होती.

तो दारातच उभा राहिला.

"खाली उतर," तो म्हणाला. "पडशील."

व्याही पलंगावर होते, पायलट होता, नर्स होती. कुणी हसलं नाही. मावशीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या आणि खाली उतरली. तो तिथं दारातच, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. इतक्या वर्षांत तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला, आणि म्हणाली, "झालं ना आता. होईल सगळं ठीक."

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेले पडदे लावले, तोही स्टूल धरून उभा राहिला. त्यानं स्टूल असं धरलं होतं की हातांच्या शिरा फुगल्या होत्या.

घरी आल्यावर गल्लीला वाटलं, आता धास्तीमावशी घराबाहेर पाऊल टाकायची नाही. झालं उलटंच. गॅसचं बटण ती अजून तीनदा बघत होती, पण चौथ्यांदा उठायला नवऱ्याला सांगावं लागत नव्हतं. तो आपणहून उठायचा. ती कोपऱ्यावर दोरा आणायला गेली तरी तो दारात. बस का चुकली, फोन का उचलला नाहीस, मापं घ्यायला दुसऱ्या मजल्यावर जायचं कशाला. लेक वैतागून म्हणाली, की आई एक बरी होती, आता बाबांचं कोण बघणार. पोटातल्या गोळ्याचं म्हणाल, तर तो परत आला होता, पण मावशी त्याला फारशी दाद देत नव्हती. तो होता तिथं होता, ती आपलं काम करत होती.

व्याह्यांनी मात्र ती गोष्ट सगळीकडे सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात हेलिकॉप्टर दर महिन्याला जास्त उंचावरून पडायचं. मावशीनं कातर कशी चालवली, पडदा कसा लावला, सगळं ते तोंड भरून सांगायचे. आपण स्वतः काय करत होतो तेवढं मात्र घाईत उरकायचे. ती तिथं असली तर गप्प राहायची. हात धरल्याचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, आणि सांगणारही नव्हती.

मग एका रविवारी सगळे लेकीकडे जेवायला होते. पायलटही आला होता, काठी टेकत, आता त्याचं येणं-जाणं सुरूच झालं होतं. जावयानं हसत हसत वडिलांना विचारलं, की बाबा, तुम्ही दोरी धरून नक्की काय करत होता?

व्याही घास हातात धरून थांबले. नेहमीचा आवाज लागला नाही.

"रडत होतो," ते म्हणाले. "विहीणबाईंचा हात धरून म्हणालो, मला सोडून जाऊ नका. यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगावं."

पायलट ताटाकडे बघत राहिला. मावशीनं भाजीचं भांडं उचललं, व्याह्यांच्या ताटात आणखी वाढलं, आणि म्हणाली, "दोरी तुम्ही सोडली नाहीत पण. मी घसरले तेव्हा तुम्ही थांबलाच नाहीत, ओढतच होतात. मला हात सोलवटेल की काय असं झालं होतं." व्याही हसले. खांदा दुखतो म्हणून हळू, पण मोकळे हसले. त्या दिवसापासून ते तिला विहीणबाई म्हणेनासे झाले. ताई म्हणायला लागले.

गेल्या महिन्यात तिच्याकडे एक नवीन काम आलं. नदीवर फिरणाऱ्या प्रवासी बोटीच्या मालकाला केबिनसाठी पडदे हवे होते, गोल खिडक्यांचे, आणि मापं बोट चालू असतानाच घ्यावी लागणार होती, कारण बोट काठाला फार वेळ थांबत नसे. नवरा नको म्हणाला. लेक नको म्हणाली. व्याही म्हणाले, ताई जात असतील तर मी शिडी घेऊन येतो, आणि बोटीत शिडीचं काय काम, हे त्यांना कुणालाच समजावता आलं नाही.

शेवटी तिघंही गेले. नवरा पूर्ण वेळ कठड्याला धरून बसला होता, तोंड हिरवंगार. व्याही त्याला लिंबू हुंगायला देत होते. आणि मावशी केबिनमध्ये गुडघ्यावर बसून, बोट डोलेल तशी डोलत, निळ्या कापडावर खडूनं पहिली गोल खूण काढत होती.